डर्टच्या सामानाची पेटी : प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२५

४ मे, रविवार

ठरलं एकदाचं. डर्टमध्ये, म्हणजे रस्ता सोडून मातीत-चिखलात, मोटारसायकल चालवणाऱ्या आमच्या गटात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना उसनं देता येईल असं सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत जमवायचं. बूट, नी-गार्ड, एल्बो-गार्ड, छाती-पाठीचं आर्मर आणि गॉगल. शिवाय पंक्चरचं सामान आणि हत्यारांची वेगळी पिशवी. पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या अलीकडे ज्या काकांच्या पडीक रानात आम्ही सराव करतो, त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ट्रंक राहील. ज्याला जमेल त्याने वर्गणी द्यायची, नाहीतर घरात पडलेलं जुनं सामान द्यायचं.

हे का करतोय ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच कुणी विचारलं तर दाखवता येईल. हिवाळ्यात सरावाला येणाऱ्या गाड्यांवर पैसा भरपूर दिसतो. एक्सपल्सला नवा सायलेन्सर, हिमालयनला लोखंडी लेग गार्ड, दोन-दोन फॉग लॅम्प, मागे टॉप बॉक्सची जाळी. चालवणाऱ्याच्या पायात मात्र कॅनव्हासचे बूट. सायलेन्सरच्या किमतीत बऱ्याचदा चांगले मोटोक्रॉस बूट (चिखल-मातीत चालवायचे जाड बूट) येतात, हे त्यांना माहीत नसतं असंही नाही. पण सायलेन्सर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज वाजतो, बूट महिन्यातून एकदा चिखलात जातात आणि नी-गार्ड तर पँटच्या आतच असतो. लोक जे दिसतं त्यावर आधी खर्च करतात. त्यावर व्याख्यान देऊन काही उपयोग नाही, दिलेली आहेत. त्यापेक्षा सामान हाताशी ठेवू आणि काय होतं ते बघू.

११ मे, रविवार

सकाळी जुना बाजार. रिंग पान्ह्यांचा जुना पण दणकट संच, एक्सलसाठी मोठा पान्हा, पक्कड आणि तीन टॉमी (रिमवरून टायर काढायच्या दांड्या) मिळाल्या. त्यातली एक ट्रकची निघाली, परत दिली. नाना पेठेतून जाड ट्यूब, सोल्यूशन, पॅच, चेनच्या कड्या, क्लच वायर आणि प्लॅस्टिकचे टाय आणले. पायाने मारायचा पंपही घेतला. बॅटरीवर चालणाऱ्या पंपावर गटात बराच वाद झाला. माझं मत साधं आहे, पायाच्या पंपाला फ्यूज नसतो.

ट्यूब २१ इंचीच घेतल्या. एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. पुढची ट्यूब वेळप्रसंगी मागे कोंबून घरापर्यंत येता येतं, उलटं जमत नाही. दोन्ही मापं बाळगण्यापेक्षा एकच बरं.

१८ मे, रविवार

हेल्मेटवरून भांडण होणार हे माहीत होतं, झालं. तिघांनी जुनी हेल्मेटं आणली होती. एक भाचेवजा पोरगा म्हणाला, "काका, एकदाच पडलोय हो यात. वरून बघा, ओरखडासुद्धा नाही." ओरखड्याचा प्रश्नच नाही. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर मार बसला की दाबला जातो. तो दाबला जातो म्हणूनच डोकं वाचतं, पण एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. बाहेरचं कवच चकचकीत राहून आतली भिंत गेलेली असू शकते आणि ते डोळ्याला दिसत नाही. ज्याचा इतिहास ठाऊक नाही असं हेल्मेट पेटीत ठेवायचं नाही. आणलेली तिन्ही परत केली. एकाला राग आला.

म्हणून नियम असा की हेल्मेट ज्याचं त्याने आणायचं. अर्ध्या टोपीसारख्या हेल्मेटला मैदानात प्रवेश नाही. कपाळावर पुढे आलेली चोच (तिला पीक म्हणतात) असलेलं ऑफरोड हेल्मेट हवंच असा हट्ट नाही, नेहमीचं पूर्ण तोंडाचं चालेल. चढाला उभं राहून धापा टाकताना काच धुकट होते, तेवढं सोसायचं. पीकचे फायदे आहेत. उन्हाची तिरीप अडते आणि पुढच्या चाकाने उडवलेला खडा थेट डोळ्यावर येत नाही. पण तेच पीक हायवेवर वाऱ्यात डोकं मागे ओढतं, आणि आमच्यातले बहुतेक जण पुण्याहून गाडी चालवतच येतात.

शिक्क्यांवरूनही चर्चा झाली. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकता येत नाही. त्याचं मानक आयएस ४१५१. बाहेरून मागवलेल्या महागड्या हेल्मेटवर युरोपचा ईसीई शिक्का असतो, तो दाखवण्यात एक वेगळीच ऐट असते. असू दे. डोक्याला घट्ट बसतं का आणि पट्टा लावतोस का, एवढंच मी विचारतो. पट्टा न लावणारे याही गटात आहेत.

२२ मे

वळवाने झोडपलं. घरी बसून आलेल्या नी-गार्डांची लेबलं वाचली.

अर्ध्यांवर नुसतं "सीई" हा युरोपचा शिक्का छापलाय, पुढे आकडा नाही. त्याला अर्थ नाही. हातापायाच्या गार्डवर ईएन १६२१-१ हा युरोपच्या मानकाचा आकडा लिहिलेला हवा, मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र हवं, गुडघ्यासाठी के आणि कोपरासाठी ई हे अक्षर हवं आणि लेव्हल १ की २ ते हवं. चाचणी ५० ज्यूलच्या आघाताची असते, म्हणजे साधारण पाच किलोचं वजन एक मीटरवरून पडल्याइतकी. गार्डच्या पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी बल पोचलं तर लेव्हल १, २० पेक्षा कमी पोचलं तर लेव्हल २. पाठीचं मानक वेगळं, ईएन १६२१-२, आणि मर्यादा जास्त कडक, १८ आणि ९.

ही वही पेटीत ठेवणार आहे, कारण दुकानात कुणी हे सांगत नाही. तिथे "एकदम प्रो क्वालिटी" एवढंच कळतं.

बिनलेबलची गार्डं टाकून द्यायची का? नाही. फुटबॉलचे शिनगार्ड बांधून येणारा एक मुलगा आहे. नडगीवर दगड लागला तर त्याला जीन्सवाल्यापेक्षा नक्कीच कमी लागेल. अशांचा वेगळा ढीग केला आणि त्यावर रंगाने "काहीच नसेल तर" असं लिहिलं.

२७ मे

कोरड्या मुरमावर पहिली चाचणी घ्यायचा बेत वाहून गेला. मान्सून २४ तारखेला केरळात आला आणि २६ ला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची आधीची नोंद नाही. काकांचा फोन आला, "रानात पाऊल रुततंय, गाड्या कुठं आणता?" आणणार आहोत. जून असाही चिखलातच जाणार.

८ जून, रविवार

पेटीचा पहिला खरा दिवस. सविस्तर लिहितो, कारण आज जे दिसलं त्यावर पुढची खरेदी ठरणार.

बुटांपासून सुरुवात. चार जोड होते, सगळे ९ आणि १० नंबरचे, कारण देणारे सगळे तगडे बाप्ये. आलेल्यांत दोन मुली होत्या, एकीचा नंबर ४, दुसरीचा ५. त्यांना पेटीतलं काहीच बसलं नाही. दोन जोड मोजे घालून ९ नंबरचा बूट घालायला एक जण सुचवत होता, त्याला गप्प केलं. सैल बुटात घोटा आतल्या आत फिरतो, म्हणजे बूट घालायचं जे कारण तेच जातं. त्या दोघी गमबूट घालून सपाट भागातच फिरल्या आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं.

ज्यांना बूट बसले त्यांची पहिली तक्रार सगळ्यांची एकच होती. "दादा, गिअर पडलाय का नाही तेच कळत नाही!" मोटोक्रॉसच्या बुटाचा पुढचा भाग जाड असतो, साध्या बुटासाठी लावलेल्या गिअरच्या दांड्याखाली तो शिरतच नाही. दांडा एक-दोन खाचा वर घेऊन बसवला की प्रश्न मिटतो, दहा नंबरच्या पान्ह्याचं पाच मिनिटांचं काम. मागच्या ब्रेकचा पेडलही तसाच थोडा जुळवून घ्यावा लागतो. हे न केल्याने कितीतरी लोक बूट एकदा घालतात आणि "आपल्याला नाही जमत" म्हणून माळ्यावर टाकतात. आज ज्यांचे दांडे वर घेतले ते दुपारपर्यंत बूट विसरूनही गेले होते. सामानाला नकार देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा नकार इतकाच असतो, दोन खाचांचा.

आता हवा. हे फुकटचं सामान आहे आणि त्याबद्दलचा हट्ट सगळ्यात मोठा. काळ्या मातीत पंपावरची २५-२८ पीएसआय हवा ठेवून मागचं चाक जागच्या जागी फिरवणारे तिघे होते आणि तिघांनाही महागडे बटन टायर (मोठ्या खुंट्यांचे) हवे होते. हवा १८ वर आणली. तोच टायर, तोच चढ, गाडी वर गेली. याहून खाली मी जात नाही, कारण आपल्याकडे मातीत दगड लपलेला असतो. हवा फार कमी असली की रिम दगडावर आपटते, मध्ये ट्यूब चिमटते आणि तिला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. दुपारी एकाची पडलीच. तो कुणाचं न ऐकता १२ वर गेला होता.

त्या निमित्ताने पंक्चरचा वर्ग झाला. एक्सपल्सला मधला स्टँड नाही, इंजिन वाचवणाऱ्या खालच्या पत्र्याला (सम्प गार्डला) दगडाचा टेकू दिला. टायरची कड रिमवरून सुटेना, तेव्हा दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून ती गाडी त्यावर कलंडवली, कड सुटली. ही युक्ती बघून दोघांनी मोबाइल काढले. स्वतः टॉमी धरायला मात्र एकच जण पुढे आला, आणि तो त्या हिमालयनवाल्यांपैकी नव्हता.

काळ्या मातीवर एक स्वतंत्र टीप: ज्यांच्या गाडीला चाकालगत खाली मडगार्ड आहे, त्यांचं पुढचं चाक अर्ध्या तासात मातीने भरून अक्षरशः जाम झालं. उंच मडगार्डवाल्यांना काठीने खरवडून पुढे जाता आलं. तेव्हा उंच मडगार्ड नुसता शोभेचा नाही, निदान आमच्या तालुक्यात तरी नाही.

२२ जून

या आठवड्यात पालख्या, रस्ते बंद, सराव नाही. खोलीवर जाऊन बूट बघितले. आत बुरशी. वास असा की काकूंनी ट्रंक अंगणात काढून ठेवली होती. "हे पायात घालता तुम्ही?" असं त्यांनी विचारलं त्याला उत्तर नव्हतं.

उपाय: आतले मऊ बूट काढता येत असतील तर वेगळे वाळवायचे, नसतील तर वर्तमानपत्राचे बोळे भरून दर दोन-तीन तासांनी बदलायचे. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवायचे नाहीत, प्लॅस्टिक वाकतं आणि डिंक सुटतो. नेणाऱ्याने धुऊन, वाळवूनच परत आणायचं. ट्रंकेला खाली-वर भोकं पाडून घेतली.

वासाचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उसनं सामान न वापरण्याचं खरं कारण कुणी सांगत नाही, ते बहुतेक हेच असतं.

१३ जुलै, रविवार

आज मैदानात बाहेरचे पाहुणे. वरच्या वाडीची दोन पोरं स्प्लेंडरवर दुधाचे कॅन लावून आमच्या "अवघड" चढावरून खाली उतरली, चपला घालून. कॅन रिकामे होते, तरी. आमच्यातला एक जण म्हणाला, "बघा, आणि आपण वीस हजारांचे बूट घेऊन बसलोय." सगळे हसले आणि दिवसभर तो विषय चालला.

या हसण्याला थोडं उत्तर दिलं पाहिजे. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, नवी हिमालयन १९६ किलोची. चपलीतला मुलगा हा रस्ता रोज दोनदा उतरतो आणि चालण्याच्या वेगापेक्षा थोड्याच जास्त वेगाने उतरतो. त्याला प्रत्येक दगड ठाऊक आहे आणि पडायची वेळ आली तर तो गाडी सोडून बाजूला होतो. आमचा माणूस अनोळखी वाटेवर, दुप्पट वेगाने, जवळजवळ दुप्पट वजनाची गाडी घेऊन जातो आणि ती पडू नये म्हणून शेवटपर्यंत पाय खाली ठेवतो. घोटे मोडतात ते तिथे. शिवाय त्या मुलांना मीच विचारलं. धाकट्याच्या नडगीवर सायलेन्सरचा भाजल्याचा डाग होता, थोरल्याच्या अंगठ्याचं नख गेलेलं. ते याला अपघात म्हणत नाहीत, इतकंच.

मात्र वजनाबद्दल त्या पोरांचं बरोबर आहे. दुपारी काकांचा धान्याचा काटा काढला आणि एका हिमालयनवरचे लेग गार्ड, जाळ्या, टॉप बॉक्स आणि जादा दिवे उतरवून तोलले. पंधरा किलोच्या पुढे गेलं. मालक जरा वेळ बोलला नाही. चिखलात पडलेली गाडी तो आणि आणखी दोघे मिळून उचलत होते, आणि हे ओझं त्यानेच विकत घेतलं होतं.

लेग गार्डचा वाद वेगळा नोंदवतो. रस्त्यावर तो कामाचा आहे, गाडी आडवी झाली तर इंजिनाची बाजू वाचते. डर्टमध्ये गाडी सावकाश कलंडते, पाय आपोआप खाली जातो आणि गार्डच्या नळीच्या आणि दगडाच्या मध्ये सापडतो. वर मोठा मार बसला की नळी वाकण्याऐवजी तिचे चेसिसवरचे धरे वाकतात. मी सरावाला काढून ठेवा म्हणतो. खालचा सम्प गार्ड मात्र हवाच. हँडगार्ड घेताना आत अॅल्युमिनियमची पट्टी असलेला घ्या, नुसतं प्लॅस्टिक वाऱ्यापुरतं. आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. पडल्यावर लिव्हर फिरला तर वाचतो, घट्ट असला तर तुटतो. ही युक्ती फुकट आहे म्हणूनच बहुधा कुणाला नको असते.

२७ जुलै, रविवार

सगळ्यात कमी सामान कोण घालतं? नवे नाहीत, जुने. आज हजेरी घेतली तेव्हा नी-गार्ड नसलेले सगळे आठ-दहा वर्षं चालवणारे निघाले. त्यातले एक दादा माझ्याहून वयाने मोठे, त्यांनी मला चालवायला शिकवलं. "अरे, सवय नाही रे. जाड वाटतं. आणि मी कुठं आता उड्या मारतोय?" दादांना नियम सांगायची माझी छाती नाही. पण त्यांच्याकडे बघूनच पोरं पेटीतले गार्ड परत ठेवतात, हेही दिसतं.

दादा आणि मी याच विषयावर बराच वेळ बोललो. मी डकारचं, म्हणजे वाळवंटातल्या त्या खडतर रॅलीचं, उदाहरण दिलं. सी. एस. संतोषने २०१५ साली डकार पुरी केली, तो ती पुरी करणारा पहिला भारतीय. केरळच्या हरिथ नोहने २०२४ मध्ये तिथला रॅली-२ हा दुसऱ्या फळीचा गट जिंकला. ही माणसं आपल्यापेक्षा कितीतरी पट चांगली चालवतात, आणि त्यांना २०२१ पासून तिथे एअरबॅगचं जाकीट घातल्याशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. त्याच वर्षी संतोष पडून गंभीर जखमी झाला. दादा म्हणाले, "म्हणजे घालूनही लागतंच ना?" लागतं. त्यांचा मुद्दा खोडता आला नाही आणि त्यांनीही माझा खोडला नाही.

दुपारनंतर त्यांनी स्वतःहून पेटीतला एक पातळ, कापडी बाहीचा नी-गार्ड मागितला. मोठे प्लॅस्टिकचे टाळले. पातळ होता, पँटच्या आत दिसत नव्हता, चालताना अडकत नव्हता. घालून विसरले. पुढच्या खरेदीत हाच प्रकार घ्यायचा, लेव्हल २ चा मिळतो. टणक कप असलेल्या गार्डपेक्षा टोकदार दगडाला तो कमी अडवतो, पण माळ्यावर पडलेला टणक गार्ड काहीच अडवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ-पठारावर, जायचा हट्ट चार जणांनी धरला. नाही म्हणजे नाही. पावसानंतर तिथे जी बारीक फुलं उगवतात ती खडकावरच्या बोटभर मातीत. बटन टायर एकदा फिरला की ती माती निघून वाहून जाते. राखीव वनातही गाडी घालायची नाही. काकांचं रान आहे, तेवढं पुरे.

आणि सायलेन्सर. काकांनी आजवर आमच्या वेगाबद्दल कधी तक्रार केली नाही, आवाजाबद्दल आज केली. म्हशीने बिथरून दावं तोडलं. आवाजी सायलेन्सर काढून मूळचा लावून यायचं, हा नियम आज लिहिला. पुण्यात पोलिस असे सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, तेव्हा शहरातही ते फार काळ वाजणार नाहीत. नियमाला सगळ्यात मोठा विरोध त्याच पोरांचा, ज्यांना हेल्मेटचा नियम लगेच पटला होता. एक जण म्हणाला, "मग गाडीत मजा काय राहिली?" त्याला म्हटलं, तो चढ दुसऱ्या गिअरमध्ये उभा राहून चढून दाखव, मग बोलू. नाही चढला. पुन्हा प्रयत्न करतोय.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपती आटोपले, रान वाळतंय. पेटीच्या वहीतून दिसतं ते असं. नी-गार्ड सगळ्यात जास्त नेले, विशेषतः पातळ. बूट दर वेळी गेले, पण दांडा वर घेऊन दिला तेव्हाच दुसऱ्यांदा मागितले गेले. छाती-पाठीचं आर्मर जूनच्या उकाड्यात कुणी हातही लावला नाही, ऑगस्टपासून जायला लागलं. जाळीचा आर्मर शर्ट घेतला तर उन्हाळ्यातही जाईल असं वाटतं. गळ्याचा ब्रेस (मानेला आधार देणारा) कुणीतरी दान दिला होता, तो एकदाही गेला नाही. "काहीच नसेल तर"चा ढीग मुलांनी हळूहळू स्वतःच बाद केला, लेबलं वाचून. यावर मी काहीच बोललो नव्हतो.

खरेदीची यादी: ४ आणि ५ नंबरचे बूट एकेक जोड, नवे. वापरलेले या मापात मिळत नाहीत, नाना पेठेपासून बंगळूरच्या विक्रेत्यांपर्यंत विचारून झालं. गॉगलच्या काचा, ओरखडे पडलेल्या बदलायच्या. २१ ची आणखी एक ट्यूब. सोल्यूशनची नळी सुकली, दोन छोट्या घ्यायच्या, मोठी नको.

पैसे: काढून ठेवलेल्या लेग गार्डांपैकी तीन मालकांनी परत नेलेच नाहीत. दोन विकले गेले, तिसरा वाकडा होता तो भंगारात घातला. त्यातून बुटांची सुरुवातीची रक्कम भरली. उरलेली वर्गणी महिनाअखेरपर्यंत द्यावी, नावं वहीच्या मागच्या पानावर आहेत.